खालून दुसरे, वरून पहिले

२०१६ च्या एप्रिलमध्ये भारतीय फुटबॉलच्या आय-लीगचा मोसम संपला तेव्हा गुणतक्त्यात नऊ संघ होते. तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. त्याच्या वर, आठव्या जागी, मिझोरमचा आयझॉल एफसी. लीग फुटबॉलचा जगभरचा रिवाज असा, की शेवटी आलेला संघ खालच्या श्रेणीत जातो आणि खालून जिंकून आलेला त्याची जागा घेतो. पण डीएसके शिवाजियन्सला लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता. अशा कॉर्पोरेट संघांना सुरुवातीचे काही मोसम खाली न ढकलण्याची हमी फुटबॉल महासंघानं दिली होती. कुणाला तरी खाली जायचं होतंच. म्हणून तळाचा संघ जागच्या जागी राहिला आणि त्याच्या वरचा गेला.

आयझॉल एफसी पैसे मोजून आलेला नव्हता. २०१५ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून तो वर आला होता. देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळणारा तो मिझोरमचा पहिलाच क्लब, आणि एका मोसमात त्याचा खेळ आटोपला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

त्यानंतर बरोबर वर्षभरानं, ३० एप्रिल २०१७ रोजी, हाच संघ भारताचा विजेता झाला. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या एकाही क्लबनं त्याआधी राष्ट्रीय लीग जिंकली नव्हती.

आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीनं प्रीमियर लीग जिंकून जगाला चकित केलं होतं, त्यामुळे वृत्तपत्रांना मथळा आयताच मिळाला: भारताचं लेस्टर. परीकथा, चमत्कार असे शब्दही त्या आठवड्यात पुष्कळ वापरले गेले. मला ते शब्द अपुरे वाटतात. या विजयाचे धागे सोडवत गेलं तर त्यातले बरेचसे मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत येऊन पोचतात. मुंबईनं दूर केलेला प्रशिक्षक, मुंबईच्या मैदानांवर घडलेले खेळाडू, गोव्याच्या क्लबांनी रिकाम्या केलेल्या जागा. आणि हे सगळं ज्यांनी उचलून घेतलं ते एक डोंगरी गाव. आयझॉलची गोष्ट मराठी वाचकानं वाचावी ती यासाठी.

आधी त्या गावाविषयी. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत सुमारे १४ लाख ८६ हजार माणसं मोजली गेली. त्याच जनगणनेत अख्ख्या मिझोरम राज्याची लोकसंख्या होती १० लाख ९७ हजार. म्हणजे आपल्या एका नाशिक शहरापेक्षाही कमी माणसांच्या राज्यानं देशाचा फुटबॉल विजेता दिला. आयझॉल डोंगराच्या धारेवर वसलेलं आहे. घरं उतारावर, रस्ते वळणावळणाचे आणि सपाट जागा दुर्मीळ. नाशिककरांना गोल्फ क्लबच्या मैदानाचा मोकळेपणा रोजच्या सवयीचा. तिथं एवढी सपाटी मिळवायची तर डोंगर कापावा लागतो. तरीही शहराच्या मध्यावरचं लम्मुआल मैदान आणि मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम या दोन्ही ठिकाणी फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळ अंथरली गेली, कारण तिथला पाऊस नैसर्गिक मैदान टिकू देत नाही.

१९६६ पासून वीस वर्षं मिझोरम बंडखोरीत आणि लष्करी कारवाईत होरपळलं. ३० जून १९८६ ला मिझो करार झाला, आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य अस्तित्वात आलं. आयझॉल एफसी १९८४ चा, म्हणजे राज्यापेक्षाही तीन वर्षांनी मोठा. पण क्लब असणं आणि फुटबॉलची व्यवस्था असणं यांत फरक आहे. मिझोरममधली मुलं दर्जेदार होती, हे कोलकात्याला पहिल्यांदा कळलं ते शायलो मालसॉमत्लुआंगामुळे. ‘मामा’ या नावानं ओळखला जाणारा हा लहान चणीचा खेळाडू टाटा फुटबॉल अकादमीतून ईस्ट बंगालमध्ये गेला आणि त्याच्या मागोमाग मिझो मुलांची रीघ लागली. मुलं बाहेर जात होती, गावात मात्र त्यांना खेळायला धड स्पर्धा नव्हती.

ती २०१२ मध्ये आली. मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली, स्थानिक केबल वाहिनीवर सामने थेट दिसू लागले आणि कारखाने, मोठे उद्योग नसलेल्या राज्यात फुटबॉलपटूला मोसमभर खेळून थोडेफार पैसे मिळू लागले. फळ यायला दोन वर्षं पुरली. मार्च २०१४ मध्ये सिलिगुडीला झालेल्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात मिझोरमनं रेल्वेला ३-० असं हरवलं. संतोष करंडक राज्यांच्या संघांचा, पण लीगचं यश तिथं पहिल्यांदा देशाला दिसलं. त्याच सुमारास रॉबर्ट रोमाविया रॉयटे या स्थानिक उद्योजकानं आयझॉल एफसीची सूत्रं हाती घेतली होती आणि राष्ट्रीय पातळीवर जायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. २०१७ मधल्या विजयाची मुळं मला इथं दिसतात. प्रशिक्षक कितीही हुशार असला तरी मुलं त्याला आयती मिळावी लागतात, आणि आयझॉलमध्ये ती पाच वर्षांच्या स्थानिक लीगनं तयार करून ठेवली होती.

पहिला मोसम, २०१५-१६, तरीही जड गेला. स्पॅनिश प्रशिक्षक आला आणि गेला. मग कोलकात्याच्या जहर दास यांनी संघ सांभाळला. लीगमध्ये आठवा क्रमांक आणि खाली जाण्याचा शिक्का. पण त्यानंतर लगेच फेडरेशन कप होता. त्यात या ‘घसरलेल्या’ संघानं लीगविजेत्या बंगळुरूला बाहेर काढलं, उपांत्य फेरीत स्पोर्टिंग क्लब द गोवाला हरवलं आणि अंतिम सामना गाठला. २१ मे २०१६ रोजी गुवाहाटीत मोहन बागाननं त्यांना ५-० असं चिरडलं. निकाल लाजिरवाणा होता. पण अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला संघ दुसऱ्या श्रेणीत खेळणार आणि त्याच्याखाली संपलेला पहिल्या श्रेणीत, ही विसंगती आता सगळ्या देशासमोर आली. क्लबनं महासंघाकडे दाद मागितली.

दाद कदाचित फाइलीतच राहिली असती. ती फळाला आली गोव्यामुळे.

आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले सहा मोसम गोव्याबाहेर करंडक गेलाच नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांचा धेंपो संघ त्या काळात देशातल्या कुठल्याही संघाला धडा शिकवू शकत होता. फातोर्ड्याच्या मैदानावर येऊन जिंकणं कोलकात्याच्या बड्या क्लबांनाही अवघड जायचं. पण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, चित्रतारे आणि क्रिकेटपटू मालक झाले, प्रेक्षक आणि जाहिराती तिकडे गेल्या. २०१६ मध्ये महासंघानं भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेचा आराखडा मांडला. त्यात सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्या खाली होती. पिढ्यान्‌पिढ्या क्लब चालवणाऱ्या गोव्याच्या घराण्यांना हे पटलं नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो तर दुसरी श्रेणी जिंकून पुन्हा वर यायच्या बेतात होता. त्यानंही पाऊल मागं घेतलं. एका वर्षात तीन जागा रिकाम्या झाल्या.

गोव्याच्या क्लबांचा निर्णय चूक होता असं मला वाटत नाही. त्यांच्या रागाला कारण होतं. पण त्या रागाची किंमत गोव्याच्याच फुटबॉलनं मोजली. महासंघाला लीग चालवण्यापुरते संघ हवे होते, आणि आयझॉल एफसीला परत बोलावलं गेलं. २०१६-१७ च्या मोसमात दहा संघ होते. त्यात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स एकटाच होता.

परत बोलावलेल्या संघाला प्रशिक्षक हवा होता आणि मोसम तोंडावर आला होता. इथं खालिद जमील येतात.

खालिद यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतचा, घराणं पंजाबी, पण त्यांचं फुटबॉल मुंबईचं. महिंद्रा आणि एअर इंडिया या मुंबईच्या दोन्ही मोठ्या संघांकडून ते मधल्या फळीत खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळणं थांबवलं तेव्हा मुंबई एफसीनं २००९ मध्ये त्यांना प्रशिक्षक केलं. वय ३२. भारतात प्रशिक्षकाची खुर्ची चार सामन्यांतच डळमळते. खालिद त्या खुर्चीत सात वर्षं बसले. मुंबई एफसीकडे मोठा पैसा नव्हता. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू असताना कित्येक मोसम संघाला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले, म्हणजे घरचं मैदानही परगावी. तरीही त्या सात वर्षांत मुंबई एफसी एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही. चषक जिंकला नाही हेही खरं. २०१६ मध्ये तर संघ पाचवा आला होता. त्यानंतर क्लबनं नवा प्रशिक्षक आणायचं ठरवलं.

ज्या माणसानं सात वर्षं फक्त टिकून राहायचं कसं एवढंच शिकवलं, त्याला जिंकायचं कसं हे येत असेल असं कुणाला वाटलं नाही. मला वाटतं, आयझॉललाही सुरुवातीला टिकून राहण्यापलीकडची अपेक्षा नसावी. त्यासाठी खालिद यांच्याइतका अनुभवी माणूस देशात दुसरा नव्हता.

ते आले ते एकटे आले नाहीत. जयेश राणे मुंबईचा. मुंबई एफसीत खालिद यांच्या हाताखाली घडलेला, चपळ, चेंडू पायाशी ठेवून दोघांच्या मधून निसटणारा मधल्या फळीतला खेळाडू. तोवर सुपर लीगच्या चेन्नईयिन संघाबरोबर २०१५ चं विजेतेपदही त्याच्या नावावर होतं. बचावफळीतला आशुतोष मेहताही मुंबई एफसीचाच. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. तेव्हा सुपर लीग डिसेंबरात संपायची आणि आय-लीग जानेवारीत सुरू व्हायची, त्यामुळे एकच खेळाडू एका वर्षात दोन्ही लीगमध्ये खेळू शकत होता. लहान क्लबांना हा फटीतून आलेला उजेड होता. सुपर लीगमध्ये बाकावर बसलेला खेळाडू आय-लीगमध्ये मिळायचा, आणि तो खेळायला आसुसलेला असायचा.

या मुंबई-गोव्याच्या माणसांच्या भोवती मिझो मुलं होती: ब्रँडन वनलालरेमडिका, लालराम्चुलोवा, लालरुआत्थारा, झोहमिंगलियाना राल्टे, विल्यम लालनुनफेला. परदेशी खेळाडू चार. लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान मधल्या फळीत ढालीसारखा उभा राहायचा. नायजेरियाचा किंग्जली बचावात, आयव्हरी कोस्टचा कामो बायी पुढे. आणि सीरियाचा महमूद अल आम्ना. अल आम्नाचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरणं शक्य नाही. धावायची घाई नाही, पण चेंडू आला की पुढचा पास आधीच ठरलेला. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या देशातला हा खेळाडू भारताच्या एका कोपऱ्यातल्या संघाचा मेंदू झाला.

एवढ्या सगळ्यांचा खर्च दोन कोटींच्या आसपास असल्याचं त्या वेळी छापून आलं होतं. मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

७ जानेवारी २०१७. पहिला सामना बारासातला, ईस्ट बंगालच्या घरी. निकाल १-१. सुरुवात म्हणून वाईट नाही, एवढीच त्याची नोंद झाली. पुढचे आठवडे संघ गुण जमवत राहिला आणि फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खालिद यांची पद्धत साधी होती. आधी गोल खायचा नाही. दोन फळ्यांमधलं अंतर कमी ठेवायचं, प्रतिस्पर्ध्याला बाजूनं खेळू द्यायचं, मधून नाही; चेंडू हाती लागला की अल आम्नाकडे, आणि तिथून राणे किंवा ब्रँडनच्या धावेसमोर. बरेच विजय एका गोलाच्या फरकाचे. हे फुटबॉल देखणं नाही असं म्हणणारे तेव्हाही होते. पण समोरच्या संघाला काय नको आहे हे ओळखून तेच नव्वद मिनिटं करत राहायला जी शिस्त लागते, ती मला देखणीच वाटते.

दुसरी गोष्ट मैदानाची. आयझॉलला पोचणंच पाहुण्या संघांना कठीण. लेंगपुईचा डोंगरमाथ्यावरचा विमानतळ, मग तिथून वळणांचा रस्ता, उंचावरची हवा आणि कृत्रिम हिरवळीवर अधिक वेगानं उसळणारा चेंडू. वर मुआलपुईचे प्रेक्षक. त्यांत बायका, म्हाताऱ्या, शाळकरी मुली मोठ्या संख्येनं असायच्या, आणि भारतातल्या फुटबॉल मैदानावर ते दृश्य तेव्हा फार ठिकाणी दिसत नव्हतं. कोलकात्यात मोहन बागाननं आयझॉलला ३-२ असं हरवलं होतं. त्या पराभवानंतरही संघ वरच राहिला, आणि मोसम संपता संपता असा योग जुळून आला की सोळा सामन्यांनंतर दोन्ही संघांचे ३३ गुण झाले. सतराव्या सामन्यात दोघे समोरासमोर येणार होते. मुआलपुईत.

शनिवार, २२ एप्रिल २०१७. आदल्या दिवशी खालिद जमील चाळीस वर्षांचे झाले होते. समोर कित्येक दंतकथा पाठीशी असलेला मोहन बागान. प्रशिक्षक संजय सेन यांनी दोन वर्षांपूर्वी याच क्लबला लीग जिंकून दिली होती. हैतीचा सोनी नोर्दे, जपानचा कात्सुमी युसा, स्कॉटलंडचा डॅरिल डफी असे एकाहून एक खेळाडू. आणि त्या संघातला भारतीय आघाडीचा वीर होता जेजे लालपेखलुआ, मिझोरमचाच मुलगा, तिथल्या घराघरांतला लाडका. अकरा महिन्यांपूर्वी याच क्लबनं गुवाहाटीत पाच गोल केले होते.

पहिला अर्धा तास, पाऊण तास, एक तास गेला, गोल नाही. बागानला आशियाई स्पर्धेचाही ताण होता, पण थकवा दोघांनाही दिसत होता. असे सामने बहुतेक वेळा एका चुकीवर किंवा एका उंच चेंडूवर फुटतात. ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टे, बचावफळीतला खेळाडू, बागानच्या गोलासमोर उडाला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. १-०. उरलेली मिनिटं आयझॉल जी गोष्ट सगळ्यांत चांगली शिकलं होतं तीच त्यानं केली: गोल खाल्ला नाही. आता ३६ आणि ३३. शेवटच्या सामन्यात फक्त एक गुण हवा होता.

तो सामना शिलाँगला होता, ३० एप्रिलला. रविवार. मिझोरममध्ये रविवारी बाजार बंद, रस्ते शांत आणि सगळं गाव चर्चमध्ये असतं. त्या रविवारी हजारो मिझो माणसं आधीच घाटरस्त्यांनी शिलाँगला पोचली होती. शिलाँग लाजाँगचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम त्यांच्या लाल रंगानं भरलं.

यजमान लाजाँग हा ईशान्येचा पहिला क्लब, २००९ मध्येच राष्ट्रीय लीगमध्ये आलेला. ईशान्येचं पहिलं विजेतेपद आपण आणू हे त्यांचं स्वप्न होतं. पाहुण्यांच्या आनंदासाठी त्यांनी सामना सोडला असता असं कुणी समजू नये. प्रशिक्षक थांगबोई सिंग्तो यांचा संघ पूर्ण ताकदीनं उतरला. नवव्या मिनिटाला कॅमेरूनच्या दिपांदा डिकानं गोल केला. तो त्या मोसमात लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, ११ गोलांसह. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता, आणि बागान जिंकला तर आयझॉलचा पराभव त्यांना महाग पडणार होता.

नवव्या मिनिटापासून ६७ व्या मिनिटापर्यंतची ती अठ्ठावन्न मिनिटं मिझोरमच्या खेळाच्या इतिहासात सगळ्यांत लांब असतील. गोल वाचवून जिंकायची सवय असलेल्या संघाला आता गोल करायचा होता. खालिद यांच्या टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच असायचा, की मागे पडल्यावर हा संघ काय करणार? उत्तर विल्यम लालनुनफेलानं दिलं. ६७ व्या मिनिटाला बरोबरी. त्यानंतर आयझॉल पुन्हा आपल्या ओळखीच्या कामाला लागलं. १-१. कोलकात्यात बागान २-१ असा जिंकला, पण ते पुरेसं नव्हतं. अठरा सामने, ११ विजय, चार बरोबरी, तीन पराभव.

शिट्टी वाजल्यावर खालिद जमील हिरवळीवर गुडघे टेकून बसले, आणि खेळाडूंनी त्यांना उचललं. संघ आयझॉलला परतला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.

नव्यानं वर आलेल्या किंवा वर राहिलेल्या संघानं थेट लीग जिंकणं हे जगात अगदीच अनोखं नाही. ब्रायन क्लफ यांचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये वर आला आणि १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. जर्मनीत कैसर्सलाउटर्ननं ऑटो रेहागेल यांच्या हाताखाली १९९८ मध्ये तेच केलं. भारताचं उदाहरण त्या दोघांच्याही आधीचं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं आठवलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. कलकत्ता लीगची पहिली श्रेणी तेव्हा ब्रिटिश पलटणी आणि युरोपीय क्लब जिंकायचे. १९११ ची आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानलाही लीग मिळाली नव्हती. १९३४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. नंतर सलग चार वेळा, १९३८ पर्यंत. या क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोला जाऊन सेल्टिककडून अनवाणी खेळला.

१९३४ आणि २०१७ यांत मला एक साम्य मोठं वाटतं. दोन्ही संघांनी खेळाडू आणले ते प्रस्थापितांच्या नजरेबाहेरून. मोहम्मडननं देशभरातून मुलं गोळा केली, कलकत्त्यापुरतं पाहिलं नाही. आयझॉलनं आपल्या गल्लीतली मुलं घेतली आणि उरलेली, इतरांनी बाजूला सारलेली माणसं मुंबईतून, गोव्यातून, अलेप्पो आणि मन्रोव्हियाच्या वाटेवरून उचलली. फरक विजयानंतरचा आहे. मोहम्मडनला जिंकल्यावर पुढचे मोसम मिळाले. आयझॉलसाठी वरचं दार बंद ठेवलं गेलं.

२०१७ मध्ये सुपर लीगमध्ये दोन नवे संघ घ्यायचे ठरले. क्लबनं मागणी केली की देशाचा विजेता या नात्यानं जागा आम्हाला मिळावी. जागा बोलीतून, दरवर्षी कोट्यवधींची फी भरणाऱ्याला द्यायच्या होत्या. त्या बंगळुरू आणि जमशेदपूरला गेल्या. मैदानावर जिंकलेला संघ वर जाऊ शकत नाही, अशी राष्ट्रीय लीग जगात फार थोड्या देशांत असेल. पुढच्या हंगामात दोन्ही लीग एकाच वेळी भरल्या आणि खेळाडूंना एकच निवडावी लागली. विजेता संघ काही महिन्यांत विखुरला. खालिद, अल आम्ना, ब्रँडन आणि लालराम्चुलोवा ईस्ट बंगालला गेले. कामो आणि किंग्जली मोहन बागानला. लालरुआत्थारा केरळला, अल्बिनो दिल्लीला, जयेश राणे कोलकात्याच्या एटीकेकडे. तिथं २०२० मध्ये त्यानं सुपर लीगचं आणखी एक विजेतेपद जिंकलं. आयझॉल एफसी जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीसाठी इराणला गेला तो जवळजवळ नवा संघ घेऊन, आणि झोब आहनकडून ३-१ असा हरला.

पण वाट दिसली होती. पुढच्याच मोसमात मणिपूरचा नेरोका दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि पहिल्या झटक्यात उपविजेता झाला. विजेता ठरलेला मिनर्व्हा पंजाबही लहानच क्लब.

महाराष्ट्रात काय झालं? खालिद यांना निरोप दिल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, आयझॉल वर चढत असताना, मुंबई एफसी तळाला गेला. दहावा, शेवटचा. मधेच प्रशिक्षक बदलूनही उपयोग झाला नाही. क्लब खाली गेला आणि पुन्हा वर आलाच नाही. ज्याच्यासाठी आयझॉलला एकदा खाली ढकललं होतं, तो डीएसके शिवाजियन्सही त्या मोसमानंतर लीगमध्ये राहिला नाही. त्याआधी महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला होता, पुणे एफसी २०१५ मध्ये. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. सुपर लीगमध्ये मुंबई आणि पुण्याचे संघ होते, हे मान्य. पण कूपरेजवर चाळीचाळींतून येणाऱ्या पोरांना पहिली संधी देणारे क्लब ते नव्हते. जयेश राणेसारख्या पोरानं आज नाशिकमध्ये फुटबॉल खेळायला घेतलं, तर त्याला मुंबई एफसीसारखी जागा कुठं मिळेल, हा प्रश्न मला त्या विजयाहून जास्त छळतो. मिझोरमनं पाच वर्षं स्वतःची लीग चालवली आणि तिच्यातून विजेते काढले. आपल्या जिल्ह्यांत मोसमभर चालणाऱ्या लीग किती?

खालिद जमील पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला सुपर लीगच्या बाद फेरीत घेऊन गेले, मग जमशेदपूरला गेले. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले; गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी एका भारतीयाला ते पद मिळालं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या संघानं ताजिकिस्तानमधल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

आणि ते दार? आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती देण्याची सोय अखेर २०२२-२३ च्या मोसमापासून झाली, आयझॉलच्या विजयानंतर जवळपास सहा वर्षांनी. पहिला वर गेला तो पंजाबचा संघ. २०२४ मध्ये त्याच वाटेनं वर गेला तो मोहम्मडन स्पोर्टिंग, १९३४ नंतर नव्वद वर्षांनी.